आधी पडद्यावर धडकू द्या

(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)

रात्री अकरानंतर आपल्या होस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर चक्कर मारून बघा. चार रूमपैकी एका रूममध्ये तरी गाडी पळत असते. कोणी लॅपटॉपवर ट्रक घेऊन जर्मनीत माल पोहोचवतोय, तर कोणी मोबाईलवरच्या 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया'त आपल्या लालपरीचा रंग चढवून घाटात ओव्हरटेक करतोय. माझा रूम पार्टनर या बसमधून रोज निदान तीनदा दरीत जातो. दरीत गेला की एक शिवी, एक बटण, आणि बस पुन्हा रस्त्यावर!

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. मेसचं जेवण झाल्यावर आम्ही दोघं हायवे ओलांडून पलीकडच्या टपरीवर चहाला निघालो होतो. डिव्हायडरच्या कटमध्ये एक ट्रॅक्टर उभा होता, मागे भरलेली ट्रॉली, ट्रॉलीला ना रिफ्लेक्टर ना लाईट. त्याने डावीकडं-उजवीकडं पाहिलं, रस्ता मोकळा दिसला, आणि तो निघाला. ट्रॅक्टर पार झाला, पण ट्रॉली अजून रस्त्यावरच होती, तेवढ्यात एक कार आली. ब्रेकचा तो आवाज अजून कानात आहे. कार ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. कोणाला काही झालं नाही. दोघं ड्रायव्हर एकमेकांना चार शब्द बोलले आणि आपापल्या वाटेने गेले. पार्टनर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "भो, इथं ते बटण नाही ना."

दुसऱ्या दिवशी ट्रान्सपोर्टेशनच्या तासाला आम्ही सरांना विचारलं, की तो कट चुकीच्या जागी आहे का? सर म्हणाले, "ड्रॉइंगवर तपासाल तर कदाचित बरोबरच निघेल. प्रश्न ड्रॉइंगचा नाही, त्यावरून गाडी चालवणाऱ्या माणसाचा आहे. रात्रभर गेम खेळता ना? रस्ता बांधायच्या आधी तो तसाच चालवून पाहतात जगात. वाचा आणि लिहून आणा." तर हा लेख म्हणजे सरांनी दिलेली ती असाइनमेंट. थोडी लांबली आहे, सांभाळून घ्या!

कागदावर सगळं बरोबर असतं

आपण पेपरात जे गणित सोडवतो तेच आधी घेऊ. स्टॉपिंग साइट डिस्टन्स. ड्रायव्हरला पुढं अडथळा दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत जेवढं अंतर लागतं, तेवढा रस्ता त्याला दिसलाच पाहिजे. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणजे आयआरसी ड्रायव्हरला अडीच सेकंद देते: बघायला, समजायला आणि पाय ब्रेकवर न्यायला. ताशी १०० किमी म्हणजे सेकंदाला सुमारे २७.८ मीटर. अडीच सेकंदांत गाडी ७० मीटर पुढं जाते, तेही ब्रेक न लागता. त्यानंतर घर्षणाचा गुणांक ०.३५ धरला तर थांबायला आणखी ११२ मीटर. बेरीज १८२. आयआरसीच्या तक्त्यात १०० किमीसाठी १८० मीटर दिलेत. परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क!

आता हेच गणित ट्रॅक्टरवाल्याच्या सीटवर बसून करू. ट्रॅक्टर आणि ट्रॉली मिळून साधारण १० मीटर लांबी धरा. एका बाजूच्या दोन लेन आणि कडेची पट्टी शेपटीसकट पार करायला त्याला २० मीटर तरी सरकावं लागणार. तो उभा आहे, ट्रॉली भरलेली आहे, म्हणून त्वरण अर्धा मीटर प्रति सेकंद वर्ग एवढंच घेऊ. दोन गुणिले २० भागिले ०.५ म्हणजे ८०, त्याचं वर्गमूळ जवळजवळ ९. म्हणजे ट्रॅक्टरला ९ सेकंद लागतात. आणि ९ सेकंदांत १०० च्या वेगातली कार येते २५० मीटर!

म्हणजे बघा, कारवाल्याला १८० मीटर दिसलं की आपला तक्ता खूश. पण ट्रॅक्टरवाल्याला निर्धास्त निघायचं तर २५० मीटर मोकळे दिसायला हवेत. तो निघतो तेव्हा रस्ता खरंच मोकळा असतो, त्याची काहीच चूक नसते. तो अर्ध्यात असताना कार दिसायला लागते, आणि मग सगळा भार त्या कारवाल्याच्या अडीच सेकंदांवर येतो. तो फोनवर बोलत असला आणि अडीचाचे पाच सेकंद झाले तर? १३९ अधिक ११२, म्हणजे पुन्हा २५० मीटर. गेला!

वरचे आकडे ढोबळ आहेत, पण मुद्दा ढोबळ नाही. तक्त्यात ड्रायव्हर हा एक स्थिर आकडा आहे, अडीच सेकंद. खरा ड्रायव्हर आकडा नसतो. तो रावेर-सावद्याहून केळी भरून रात्रभर उत्तरेकडं निघालेला असतो, शेवटची ट्रिप धरायची घाई झालेला काळी-पिवळीवाला असतो, किंवा लग्नाहून परतणारा, डोळ्यावर झोप आलेला एखादा काका असतो.

दहा माणसं गेल्यावर

रस्त्याचा एखादा भाग धोक्याचा आहे हे सरकारदरबारी कसं ठरतं, माहितीय? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येप्रमाणे राष्ट्रीय महामार्गाच्या साधारण ५०० मीटर लांबीत तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमा झालेले ५ अपघात झाले, किंवा १० माणसं दगावली, की तो 'ब्लॅक स्पॉट'. मग पाहणी, मग दुरुस्ती. व्याख्या करणाऱ्यांचा दोष नाही, कुठून तरी मोजायला सुरुवात करावीच लागते. पण नीट विचार केला तर अंगावर काटा येतो. रस्ता नापास व्हायला आधी असे पाच अपघात व्हावे लागतात, नाहीतर दहा माणसं मरावी लागतात.

आपलं खानदेश तर रस्त्यांच्या नाक्यावर वसलेलं. धुळ्याला मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरकडून येणारा असे तीन राष्ट्रीय महामार्ग भेटतात. जळगावात जुना सहा नंबर, आताचा ५३, शहराच्या मधून गेला. शाळा एकीकडं, घर दुसरीकडं. समांतर रस्ते करा म्हणून २०१८ च्या सुमारास जळगावकर रस्त्यावर उतरले होते, हे आपल्यापैकी जळगावच्या मुलांना आठवत असेल. आपलं विद्यापीठही हायवेलाच लागून, आणि इंजिनिअरिंगची कितीतरी कॉलेजेसही.

१४-१५ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री यावल तालुक्यात किनगावजवळ पपई भरलेला ट्रक उलटला. वर बसलेले किमान १५ मजूर गेले. ४ जुलै २०२३ ला शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ एक कंटेनर पुढच्या गाड्यांना धडकत थेट हायवेकाठच्या हॉटेलात घुसला. ब्रेक निकामी झाल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. किमान दहा माणसं गेली. सिम्युलेटर असता तर हे अपघात झालेच नसते, असा दावा मी अजिबात करत नाही. ट्रकच्या माथ्यावर मजूर बसवणं किंवा ब्रेक निकामी होणं हे रस्त्याच्या नकाशातले दोष नाहीत. पण एक प्रश्न रस्तेवाल्यांना विचारता येतो. ब्रेक नसलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरला त्या दहा सेकंदांत समोर काय काय दिसतं? त्याला वळवायला कुठं जागा आहे? बसस्टॉप आणि हॉटेलं कुठं आहेत? हा प्रश्न अपघाताआधी विचारायची सोय असेल तर तो आधी का विचारू नये?

२०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. त्यातल्या ७१ टक्क्यांच्या पुढं कारण लिहिलंय अतिवेग. झालं, विषय संपला, ड्रायव्हरची चूक! पण त्याला तिथं वेग वाढवावासा का वाटला? सरळ, रुंद, गुळगुळीत रस्ता 'दाब ॲक्सिलरेटर' म्हणून सांगतो, आणि कडेला चाळीसचा इवलासा बोर्ड 'थांब' म्हणतो. माणूस रस्त्याचं ऐकतो, बोर्डाचं नाही.

गेम आणि सिम्युलेटर

मग ड्रायव्हिंग सिम्युलेटर म्हणजे नक्की काय? सोप्या भाषेत सांगायचं तर खरी सीट, खरं स्टिअरिंग, खरे पेडल, आणि काचेबाहेर खोटा रस्ता. साध्या सिम्युलेटरमध्ये समोर तीन पडदे असतात, केबिन जागच्या जागी असते. त्याला फिक्स्ड बेस म्हणतात. महागड्यात अख्खी केबिन सहा हायड्रॉलिक किंवा विजेच्या पायांवर उभी असते. मेकॅनिकलवाल्यांना हा स्टुअर्ट प्लॅटफॉर्म ओळखीचा असेल, विमानाच्या सिम्युलेटरलाही तोच वापरतात.

यातली एक गंमत सांगतो. केबिन एका जागी असताना ब्रेक मारल्यासारखं कसं वाटतं? केबिन पुढं झुकवतात! पडद्यावरचं चित्र मात्र सपाटच ठेवतात. मग गुरुत्वाकर्षणाचा एक हिस्सा आपल्याला पुढं ओढतो आणि मेंदू म्हणतो, ब्रेक लागला. १० अंश झुकवलं तर सुमारे ०.१७ जी एवढा ब्रेक जाणवतो. आपल्या वरच्या गणितातला ०.३५ चा ब्रेक हवा तर २० अंशांवर झुकवावं लागेल. एवढं जोरात झुकवलं तर माणसाला कळतंच की आपल्याला झुकवतायत. म्हणून मोठ्या सिम्युलेटरमध्ये केबिन पुढं-मागं सरकवायची सोयही करतात. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या नॅशनल ॲडव्हान्स्ड ड्रायव्हिंग सिम्युलेटरमध्ये अख्खा घुमट, आत खरी गाडी घेऊन, ६४ फूट लांब आणि ६४ फूट रुंद जागेत सरकतो. आपला व्हॉलीबॉलचा कोर्टसुद्धा त्याच्यापुढं फार मोठा वाटत नाही.

पण पडदे आणि पाय हा खरा फरक नव्हे. गेम तुम्हाला शेवटी गुण देतो. सिम्युलेटर तुमच्याकडून आकडे घेतो. सेकंदाच्या छोट्या छोट्या भागाला तुमचा वेग किती, लेनच्या मध्यापासून किती सरकलात, ब्रेकवर पाय कधी गेला, किती जोरात दाबला, पुढच्या गाडीला धडकायला किती सेकंद उरले होते, सगळं नोंदवतो. डोळ्यांवर कॅमेरा असला तर बोर्डाकडं पाहिलं की शेजारच्या ढाब्याकडं, हेसुद्धा!

न बांधलेला रस्ता चालवायचा कसा?

समजा एका चौफुलीसाठी तीन पर्याय आहेत: सिग्नल, मोठं वर्तुळ म्हणजे रोटरी, आणि भुयारी मार्ग. जळगावकरांनी आकाशवाणी चौक किंवा अजिंठा चौफुली डोळ्यासमोर आणावी, धुळेकरांनी आपापला चौक आणावा. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये रस्त्याची आखणी, चढ-उतार, वळणाची त्रिज्या, बाहेरच्या कडेची उंची हे सगळं असतंच. तीच फाइल घेऊन तिच्यावर डांबर, पट्टे, बोर्ड, झाडं, दुकानं चढवतात. मग वाहतूक सोडतात. कधी कोण कुठून येणार हे आधी लिहून ठेवतात. म्हणजे अमुक ठिकाणी पोचलं की डावीकडून ट्रॅक्टर निघणार, तमुक ठिकाणी रिक्षा अचानक थांबणार.

मग खरे ड्रायव्हर बोलावतात. आधी सरावाची एक फेरी, हात बसावा म्हणून. त्यानंतर प्रत्येकजण तिन्ही पर्याय चालवतो, पण क्रम बदलून. सगळ्यांनी आधी सिग्नल आणि शेवटी भुयारी मार्ग चालवला, तर शेवटचा नेहमी चांगला वाटेल, कारण तोवर हात बसलेला असतो. म्हणून कोणाला क-ख-ग, कोणाला ख-ग-क. आपल्या प्रॅक्टिकलमध्ये रीडिंग कसंही घेतलं तरी चालतं, इथं चालत नाही!

शेवटी तिन्ही रस्त्यांची तुलना. कुठं ड्रायव्हर आधी हळू झाले, कुठं शेवटच्या क्षणी ब्रेक मारला, कुठं लेन चुकले, कुठं गोंधळून थांबले. रोटरीचंच घ्या. नियम असा, की आत फिरत असलेल्याला, म्हणजे आपल्या उजव्या बाजूने येणाऱ्याला, आधी जाऊ द्यायचं. पुस्तकात हे एका ओळीत आहे. आपल्याकडं मात्र मोठा असेल तो आधी जातो. मग रोटरीत शिरताना ड्रायव्हर प्रत्यक्षात काय करतो, आणि तोंड थोडं अरुंद केलं, कोन बदलला, तर तो आपोआप हळू होतो का? हे तक्त्यात सापडत नाही, चालवूनच कळतं. आणि मुख्य म्हणजे पडद्यावर वर्तुळ मोठं-लहान करायला दुपार पुरते. काँक्रीट ओतल्यावर तेच काम करायला पुन्हा टेंडर लागतं.

जगात कोणी केलंय का?

केलंय. नॉर्वेत लार्डाल नावाचा बोगदा आहे, लांबी साडेचोवीस किलोमीटर. जळगावहून निघून भुसावळ जवळ येईपर्यंत डोंगराच्या पोटातून गाडी चालवल्यासारखं! २००० साली तो सुरू झाला. बांधकामाचा प्रश्न होताच, पण त्याहून अवघड प्रश्न माणसाचा होता. वीस मिनिटं तीच भिंत, तोच दिवा. ड्रायव्हरला झोप येणार, कोणाचा जीव घाबरणार. म्हणून तिथल्या सिंटेफ या संशोधन संस्थेने सिम्युलेटरमध्ये वेगवेगळे पर्याय माणसांकडून चालवून पाहिले. आज त्या बोगद्यात दर सहा किलोमीटरवर एक अशा तीन मोठ्या गुहा आहेत. तिथं निळा प्रकाश आणि कडेला पिवळा, पहाट झाल्यासारखा. ड्रायव्हरला वाटतं, आपण बाहेर आलो. जरा हुशारी येते, आणि पुढचा टप्पा सुरू होतो.

आता आपल्याकडं पाहू. समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटर. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, शेवटचा जून २०२५ मध्ये. १ जुलै २०२३ ला शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली, २५ प्रवासी गेले. त्या अपघाताच्या कारणांवर वाद झाले, त्यात मी पडत नाही. पण त्या वर्षी 'हायवे हिप्नॉसिस' हा शब्द आपल्या घराघरांत पोचला. सरळसोट रस्त्यावर ड्रायव्हर डोळे उघडे ठेवूनच सुन्न होतो, त्यावर काय करावं, याची चर्चा लोकांत रस्ता सुरू झाल्यावर रंगली. नॉर्वेवाल्यांनी हाच प्रश्न बोगदा पुरा व्हायच्या आधी विचारला होता. फरक पैशाचा आहेच, पण थोडा क्रमाचाही आहे.

दुसरं उदाहरण अमेरिकेचं. हायवेवरच्या पुलासाठी 'डायव्हर्जिंग डायमंड' नावाचा एक प्रकार आहे. त्यात पुलावर थोडा वेळ गाड्या चक्क उलट्या बाजूने चालतात आणि पुढं पुन्हा आपल्या बाजूला येतात. त्यामुळं वळणाऱ्याला समोरच्या वाहतुकीला छेदावं लागत नाही. कल्पना फक्कड, पण सगळ्यांना एकच भीती: लोक गोंधळून राँग साइडला लागले तर? कॅन्सस सिटीसाठी सुचवलेला असा आराखडा तिथल्या केंद्रीय महामार्ग प्रशासनाने व्हर्जिनियातल्या आपल्या सिम्युलेटरमध्ये सामान्य ड्रायव्हरांना चालवायला दिला, आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ती भीती खरी ठरली नाही. अमेरिकेतला असा पहिला पूल २००९ मध्ये मिसुरी राज्यात स्प्रिंगफील्डला सुरू झाला, आणि नंतर असे पूल तिथं भराभर झाले. म्हणजे सिम्युलेटर फक्त 'हे करू नका' सांगत नाही. कधी कधी 'घाबरू नका, करा' असंही सांगतो.

आपल्याकडची परिस्थिती

आपल्याकडं ही यंत्रं अजिबात नाहीत असं नाही. पवईला आयआयटी मुंबईच्या सिव्हिल विभागात ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर बरंच काम झालंय. फोन, दारू, घाई या गोष्टींचा भारतीय ड्रायव्हरवर काय परिणाम होतो, ते तिथं मोजलंय. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात, गाडी चालवताना फोनवर मेसेज लिहिणाऱ्यांचा प्रतिसादाचा वेळ दुपटीहून जास्त झाला. आपल्या अडीच सेकंदांचे पाच कसे होतात, ते इथं समजतं! दिल्लीच्या सेंट्रल रोड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्येही सिम्युलेटर आहे. शिवाय ड्रायव्हर प्रशिक्षण केंद्रांसाठी २०२१ मध्ये आलेल्या नियमांत सिम्युलेटर असणं आवश्यक धरलंय.

मात्र प्रशिक्षण केंद्रातला सिम्युलेटर ड्रायव्हरची परीक्षा घेतो. आपण बोलतोय तो रस्त्याची परीक्षा घेतो. दोन्हीत खुर्ची तीच, पण नापास कोण होणार ते वेगळं.

आपल्याकडं नवीन रस्त्याचं रोड सेफ्टी ऑडिट होतं, त्यासाठी आयआरसीची एसपी ८८ ही पुस्तिका आहे. अनुभवी इंजिनिअर आराखडा बघून, जागेवर फिरून, दोष काढतात. ते उत्तम आहेच. पण ऑडिटर हा रस्त्यातला जाणकार. त्याला कट कुठं आहे ते नकाशावर आधीच दिसलेलं असतं. पहिल्यांदाच त्या रस्त्याने रात्री दोन वाजता जाणाऱ्या परप्रांतीय ड्रायव्हरला ते दिसलेलं नसतं. त्याला खुर्चीत बसवायचं काम सिम्युलेटरचं.

फुगवून सांगत नाही

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग काय, बसवा सिम्युलेटर, अपघात बंद! तसं नाही. अडचणी मोठ्या आहेत.

पहिली, पडद्यावर मरणाची भीती नसते. माझा पार्टनर दरीत गेल्यावर हसतो, तसं खऱ्या घाटात हसणार नाही. त्यामुळं काही लोक सिम्युलेटरमध्ये जास्त जोरात चालवतात. ऑस्ट्रेलियात मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी खरी गाडी आणि सिम्युलेटर, दोन्हींत रस्त्यावरच्या रंबल स्ट्रिपचा परिणाम मोजला. २००२ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन्हीकडं वेगाचा आकडा जुळला नाही, पण वेग कुठं आणि कसा कमी झाला, त्याचा कल जुळला. म्हणून सिम्युलेटरला 'इथं लोक ताशी किती वेगाने जातील' असं विचारू नये. 'या दोन डिझाइनपैकी कुठं लोक जास्त हळू होतील' असं विचारावं. पहिल्याचं उत्तर तो कदाचित चुकीचं देईल, दुसऱ्याचं बहुधा बरोबर.

दुसरी अडचण, उलटी! डोळे सांगतात गाडी वळतेय, कान सांगतात आपण बसलेलोच आहोत. काहींना मळमळतं, काही अर्ध्यात उठून जातात. वयस्कर माणसांना हा त्रास जास्त. आणि नेमकं त्यांचंच ड्रायव्हिंग आपल्याला मोजायचं असतं.

तिसरी अडचण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पडद्यावरची वाहतूक कोणाची? परदेशातून आलेल्या सॉफ्टवेअरमधल्या गाड्या शहाण्या मुलांसारख्या लेनमधून जातात. आपल्याकडं राँग साइडने येणारी मोटरसायकल, तिच्यावर तिघं आणि दुधाचे कॅन, रस्त्यावर वाळत घातलेली ज्वारी, मधेच बसलेली गाय, बैलगाडी, दिवा नसलेली ट्रॉली. हे नसेल तर ती परीक्षा आपल्या रस्त्याची नाहीच. आणि २०२२ च्या मृतांत ४४.५ टक्के दुचाकीवाले होते, १९.५ टक्के पायी चालणारे. कारच्या केबिनमध्ये बसून यांचा रस्ता कसा कळणार? दुचाकीचे सिम्युलेटर असतात, पायी चालणाऱ्यासाठी डोळ्यांवर लावायचे चष्मेही असतात. पण प्रयोगाची सुरुवात कारपासून होते आणि बहुतेक वेळा तिथंच संपते.

चौथी, खुर्चीत कोण बसतं? विद्यापीठातले प्रयोग बऱ्याचदा विद्यार्थ्यांवर होतात, कारण आपण फुकट मिळतो, एका चहात. पण हायवे काही आपल्यासाठी नाही. ज्याला लिहिलेला बोर्ड वाचता येत नाही, ज्याचं पासष्ट वय आहे, ज्याने अठरा तास झोप घेतलेली नाही, तो खुर्चीत बसला पाहिजे.

आपल्या गेटसमोरचा कट

एवढं सगळं वाचल्यावर पार्टनर म्हणाला, "मग आपणच करू ना. स्टिअरिंग तर माझ्याकडं आहे." आधी मी हसलो. मग आम्ही सरांकडं गेलो. सर हसले नाहीत.

खरंच विचार करा. 'कारला' नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर २०१७ पासून फुकट मिळतं. ते स्वयंचलित गाड्यांच्या संशोधनासाठी केलंय, पण त्याला गेमचं स्टिअरिंग आणि पेडल जोडता येतात, आणि आपला रस्ता त्यात घालता येतो. वाहतूक सोडायला जर्मनीच्या अंतराळ संस्थेने बनवलेलं 'सुमो' आहे, तेही फुकट. रस्ता मोजायला आपल्या सर्व्हे लॅबमध्ये टोटल स्टेशन पडून आहे. सिव्हिलवाल्यांनी तो कट, चढ, डिव्हायडरवरची झाडं मोजावी. गच्चीवरून संध्याकाळी दोन तास व्हिडिओ घ्यावा: किती ट्रॅक्टर निघतात, किती जण राँग साइडने येतात, मुलं कुठून ओलांडतात. कॉम्प्युटरवाल्यांनी ते पडद्यावर उभं करावं. मेकॅनिकलने सीट आणि पेडल, ई अँड टीसीने सेन्सर. चार ब्रँचचा एक प्रोजेक्ट, आणि कोणालाही विकत आणलेला प्रोजेक्ट दाखवायची गरज नाही!

मग तीन रस्ते बनवू. एक, आज आहे तसा. दुसरा, कट बंद करून पुढं यू-टर्न, आणि मध्ये ट्रॅक्टरला थांबायला जास्त जागा. तिसरा, कट तोच, पण आधी रंबल पट्ट्या, दिवा आणि डिव्हायडरवरची झाडं छाटलेली. आणि ड्रायव्हर म्हणून आपण नाही. केळीच्या ट्रकचे ड्रायव्हर, डेपोतले एसटीचे ड्रायव्हर-काका, काळी-पिवळीवाले आणि त्या रात्रीसारखा एखादा ट्रॅक्टरवाला दादा. त्यांना सन्मानाने बोलवायचं, मेसमध्ये शेवभाजी खाऊ घालायची आणि सांगायचं, "दादा, तुमची परीक्षा नाही, रस्त्याची आहे. तुम्ही चुकलात तर रस्ता नापास."

हे वाक्य नीट समजावून सांगायला लागेल, कारण आजवर त्यांना उलटंच ऐकायची सवय आहे.

आमच्या सिम्युलेटरला केबिन झुकवणारे पाय नसतील, पडदे जुन्या मॉनिटरचे असतील, निकालावर पेपर छापून येईल असंही नाही. पण 'आहे तसा' आणि 'बदललेला' यांत ब्रेक केव्हा लागला एवढं जरी पाच-पन्नास फेऱ्यांतून दिसलं, तरी तो कागद घेऊन संबंधित कार्यालयात जाता येईल. आजवर आपण तिथं जातो तेव्हा हातात निवेदन असतं, आणि बहुतेक वेळा त्याच्या आधी कोणाची तरी अंत्ययात्रा झालेली असते. या वेळी हातात ग्राफ घेऊन जाऊ.

ज्यांना या प्रोजेक्टमध्ये यायचं आहे त्यांनी रात्री जेवण झाल्यावर आमच्या रूमवर यावं. पार्टनर नेहमीप्रमाणे बस दरीत घालत असेल. त्याला थांबवू नका, तो सराव करतोय! आणि हो, चहाला पलीकडं जाणार असाल तर त्या कटमधून नको. जरा लांब पडेल, पण पुढच्या चौकातून या.